दोन्ही ब्युटेनॉलच ना?

नोकरीच्या काळात खरेदी विभागाने मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हा. विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याच्या टेबलावर दोन कोटेशनं असायची. एकावर एन-ब्युटेनॉल, दुसऱ्यावर आयसो-ब्युटेनॉल. सूत्र एकच, रेणुभार एकच, ७४. दिसायला दोन्ही पाण्यासारखे आणि दरात किलोमागे काही रुपयांचा फरक. माणूस स्वस्ताकडे बोट दाखवणारच.

माझी सगळी नोकरी रंग आणि रेझिनच्या कारखान्यांत, क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये गेली. आधी ठाणे-बेलापूर पट्टा, मग डोंबिवली एमआयडीसी. शेकडो रसायनं हाताखालून गेली असतील, पण जीव गुंतला तो या एका साध्या अल्कोहोलमध्ये. चार कार्बन, दहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, बस्स. एवढ्याच सामग्रीतून चार वेगवेगळी अल्कोहोलं होतात. कार्बन सरळ ओळीत आणि ओएच टोकाला, तो एन. ओळ सरळच पण ओएच टोकाच्या शेजारच्या कार्बनवर, तो सेकंडरी, आमच्या भाषेत सेक. साखळीला फांदी फुटली आणि ओएच टोकाला राहिला, तर आयसो. एका कार्बनभोवती तीन मिथिल आणि त्याच कार्बनवर ओएच, तो टर्शरी, म्हणजे टर्ट. शाळेच्या पुस्तकात यांना समघटक म्हणतात. सेकचे आरशातल्या प्रतिमेसारखे दोन प्रकार असतात, ते धरले तर आकडा पाच होतो. प्राध्यापक मंडळी ते धरतात. आम्हाला चारांनीच पुरेसं काम दिलं होतं.

आयसो स्वस्त का, हे खरेदीवाल्यांना समजावून सांगायला मला आवडायचं. निदान पहिल्या काही वेळा. प्रोपिलीनवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन घालून आधी अल्डिहाइड करतात, मग त्याचं अल्कोहोल. ही प्रक्रिया १९३८ मध्ये जर्मनीत ऑटो रोएलेन यांनी शोधली. नवा कार्बन प्रोपिलीनच्या टोकाला जोडला गेला तर पुढे एन मिळतो, मधल्या कार्बनला जोडला गेला तर आयसो. दोन्ही एकाच वेळी, एकाच भांड्यात. उत्पादकाला हवा असतो एन, कारण ब्युटिल अ‍ॅक्रिलेट, ब्युटिल अ‍ॅसिटेट वगैरे सगळा मोठा खप त्याचा. भिंतीला लावायच्या इमल्शन रंगातला पाण्यात विखुरलेला चिकट पदार्थ बहुतेकदा ब्युटिल अ‍ॅक्रिलेट वापरूनच बनलेला असतो. जुन्या कोबाल्ट उत्प्रेरकावर आयसो बराच यायचा. ऱ्होडियम आल्यावर कमी झाला, पण यायचा थांबला नाही. आलेला माल विकावा तर लागतो, म्हणून तो स्वस्त. त्यात काही काळंबेरं नाही. काळंबेरं सुरू होतं ते आयसो असलेला माल एन म्हणून आला की.

असा माल आमच्याकडे एकदा आला. आमच्या कारखान्यात ब्युटिलेटेड मेलामाइन रेझिन बनायचं. लोखंडी कपाटं, पंखे, सायकली यांच्यावर भट्टीत भाजून जो कडक, चकचकीत रंग बसवतात, त्यात हे रेझिन जातं. मेलामाइन आणि फॉर्मॅलिन यांची आधी गाठ घालायची, मग त्याला ब्युटेनॉल जोडायचा. हे जोडताना पाणी सुटतं, आणि फॉर्मॅलिनबरोबर आलेलं पाणी असतंच. ते बाहेर काढलं नाही तर बॅच जागची हलत नाही. इथे एन-ब्युटेनॉल दोन कामं करतो. स्वतः रेझिनला चिकटतो आणि पाण्याला बरोबर घेऊन वरही जातो. एकटा तो ११७.७ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० ला. दोघं एकत्र मात्र ९२.७ अंशालाच उकळायला लागतात आणि त्या वाफेत वजनाने चाळीस टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कंडेन्सरमधून ती डिकँटरमध्ये उतरली की दोन थर पडतात. वर ब्युटेनॉल, खाली पाणी. वरचा थर केटलमध्ये, म्हणजे रेझिन शिजतं त्या भांड्यात परत सोडायचा, खालचा ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाकडे. डिकँटरच्या काचेत दोन थरांमधली रेघ दिसते. सगळी रात्रपाळी त्या रेघेकडे बघत काढावी लागते. रेघ वर चढली आणि लक्ष राहिलं नाही तर पाणी परत केटलमध्ये जातं आणि चार तासांची मेहनत वाया.

त्या दिवशी सकाळी लॅब उघडायच्या आधीच रात्रपाळीचा ऑपरेटर दारात उभा होता. फार शिकलेला नव्हता, पण हेड टेम्परेचर, म्हणजे वर जाणाऱ्या वाफेचं तापमान, दर अर्ध्या तासाला लॉगशीटवर लिहायचा, आणि खरं लिहायचा. हे दुसरं फार दुर्मीळ. "मॅडम, रात्रभर हेड वरच चढेना. नव्वद-एक्क्याण्णववरच घुटमळतंय. थर्मामीटर बदलून बघितला, तेच." सुपरवायझरने त्याला व्हॅक्यूम लाइन बघायला सांगून झोपायला पाठवलं होतं. तो झोपला नव्हता.

मी टॉलरन्स लावला. ही चाचणी आजही मला सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त आवडते. वजन केलेलं रेझिन काचेच्या फ्लास्कमध्ये घ्यायचं, खाली छापील कागद ठेवायचा आणि ब्युरेटमधून मिनरल टर्पेंटाइन थोडं थोडं सोडत ढवळायचं. रेझिन जितकं नीट ब्युटिलेट झालेलं, तितकं जास्त टर्पेंटाइन ते सहन करतं. एका क्षणी धूसर पडतं आणि खालची अक्षरं वाचता येईनाशी होतात. तिथे थांबायचं, आकडा लिहायचा. त्या दिवशी अक्षरं फारच लवकर गेली. म्हणजे ब्युटेनॉल जोडलाच जात नव्हता धड.

मग टँकरचं राखून ठेवलेलं सॅम्पल गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे जीसीवर लावलं. एन-ब्युटेनॉलच्या उंच शिखराच्या अलीकडे दुसरं एक शिखर उभं राहिलं, चांगलं ठळक. आयसो. त्याचा उत्कलनांक १०७.९, आणि पाण्याबरोबर तो ९० च्या जरा अलीकडेच उकळायला लागतो. ऑपरेटरचा थर्मामीटर रात्रभर हेच सांगत होता. शिवाय ओएचच्या शेजारीच फांदी असल्यामुळे आयसोला रेझिनशी जोडून घ्यायला वेळ लागतो. पाणी हळू, टॉलरन्स कमी, दोन्हीचं कारण एकच निघालं.

गेटवर हा माल पास कसा झाला? तिथे घनता आणि कार्ल फिशर चाचणीने पाण्याचं प्रमाण एवढंच बघितलं जायचं. एनची घनता ०.८१०, आयसोची ०.८०२. मिसळले की आकडा मर्यादेच्या आत अगदी शहाण्यासारखा बसतो. शंभर मिली माल उकळून तो किती अंशांपासून किती अंशांपर्यंत उडतो, हे बघणारी डिस्टिलेशन रेंज घेतली असती तर लगेच कळलं असतं. पण टँकर गेटवर उभा राहिला की भाडं चढत जातं, म्हणून ती वगळायची पद्धत कारखान्यात मी यायच्या आधीपासूनच पडलेली. पुरवठादार म्हणाला, आधीच्या खेपेचा माल टाकीत राहिला असेल. असेल. टाकीत एवढा माल राहतो हे आम्हाला नव्याने कळलं. त्यानंतर जीसीशिवाय टँकर रिकामा करायचा नाही असा नियम झाला, आणि त्या ऑपरेटरच्या लॉगशीटची झेरॉक्स बरीच वर्षं लॅबच्या भिंतीवर होती.

या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दोनेक वर्षांनी आम्ही स्वतःच मुद्दाम आयसोवर एक ग्रेड बसवली. आम्लाची मात्रा, तापमान, बॅचचा वेळ, सगळं नव्याने ठरवून. चांगली चालली, ग्राहकाला दरही कमी पडला. "मॅडम, तेव्हा तर एवढा आरडाओरडा केला होता," असं खरेदीवाले म्हणालेच. त्यांना मी जे सांगितलं तेच पुढच्या प्रत्येकाला सांगत आले. दोन्ही ब्युटेनॉलच ना, हा प्रश्न अर्धा आहे. कशासाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. ड्रम धुवायला हवा असेल तर आयसो घ्या, चार रुपये वाचवा. विरघळवणं एवढंच काम असेल तरी बहुतेक वेळा चालून जातं. रेझिनला जोडायचा असेल तर आधी लॅबला विचारा.

विरघळवण्यातही पावसाळा आला की हिशेब बदलतो. जुलैमध्ये एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या तक्रारी ठरलेल्या. एकदा कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये गेले होते. गाडीच्या बॉनेटवर काळा लॅकर मारलेला आणि त्यावर दुधाळ साय आल्यासारखं पांढरं. थिनरमधली पटकन उडणारी द्रावणं उडताना पत्रा गार करतात, आणि हवा आधीच गच्च दमट असल्यामुळे पाणी ओल्या रंगावरच जमतं. नायट्रोसेल्युलोज त्या पाण्याने बाहेर पडतं, तेच हे पांढरं. ब्युटेनॉल एकटा नायट्रोसेल्युलोज विरघळवत नाही, पण ब्युटिल अ‍ॅसिटेटच्या संगतीत विरघळवतो. शिवाय तो सावकाश उडतो, त्यामुळे फिल्म शेवटपर्यंत ओली राहते आणि पाण्याला निघून जायला वेळ मिळतो. ब्युटिल अ‍ॅसिटेटचा उडण्याचा वेग १ धरला तर एन-ब्युटेनॉलचा साधारण ०.४, आयसोचा ०.६. उन्हाळ्यात या दोन आकड्यांकडे कुणी बघत नाही. पावसाळ्यात त्यांच्यामुळेच बॉनेट पुन्हा घासावं लागतं.

तिथला म्हातारा पेंटर आमच्या थिनरमध्ये आपल्या बाटलीतून काहीतरी घालत होता. काय आहे विचारलं तर म्हणाला, "मंद थिनर. बारिशमध्ये याच्याशिवाय हात नाय लावत." माझ्याबरोबर आलेल्या सेल्समनने नाक मुरडलं. मी बाटली हुंगली, ब्युटेनॉलचा वास स्पष्ट होता. आमच्या पावसाळी थिनरचं फॉर्म्युलेशन नंतर बदललं, ते बऱ्याच अंशी त्या बाटलीमुळे.

वासाबद्दल सांगायलाच हवं. एन-ब्युटेनॉलचा वास किंचित गोडसर, मद्यासारखा, पण मागाहून नाकात खवखवणारा. जास्त झाला की डोळे चुरचुरतात. रेझिनच्या लॅबमधून संध्याकाळी लोकलला चढले की लेडीज डब्यात शेजारची बाई हळूच सरकून बसायची. बऱ्याच वर्षांनी कळलं की युरोपातल्या ईएन १३७२५ या मानकात दुर्गंधी मोजणाऱ्या माणसांची नाकं याच रसायनाने पारखतात. हवेच्या अब्ज भागांत २० ते ८० भाग एन-ब्युटेनॉल असताना ज्याला वास कळायला लागतो, तोच पॅनेलवर. आमच्यातल्या कुणालाही तिथे घेतलं नसतं.

टर्टचा वास निराळा, कापरासारखा. आणि त्याचं वागणंही निराळं. त्याचा द्रवणांक २५.५ अंश. उरलेल्या तिघांचे शून्याखाली ऐंशीच्याही पलीकडे. गोल लाडू डब्यात जसे गच्च बसतात, तसे टर्टचे आटोपशीर गोल रेणू एकमेकांत घट्ट बसतात, म्हणून तो एवढ्या उबेतही घट्ट होतो. मे महिन्यात ड्रममध्ये डुचमळणारा माल जानेवारीत दगड झालेला असतो. शेजारच्या औषधी रसायनांच्या कारखान्याला तो पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइडसाठी लागायचा, आणि त्यांच्याकडच्या नव्या स्टोअरकीपरने एका थंडीत सगळेच्या सगळे ड्रम "माल खराब" असा शेरा मारून परत पाठवायला काढले होते. त्यांच्याकडून फोन आला म्हणून मी बघायला गेले. झाकण काढून काचेची कांडी खुपसली तर वर कडक, पांढरे, सुईसारखे स्फटिक. त्याला म्हटलं, "अरे, हा गोठलाय म्हणजे चांगला आहे. थोडंसं जरी पाणी असतं तर एवढा कडक झालाच नसता." त्याचा विश्वास बसेना. शेवटी बूच सैल करून ड्रम कोमट पाण्याच्या टाकीत उभे केले. वाफेची नळी थेट लावायची त्याची तयारी होती, ती आधी बंद करायला लावली. टर्टचा फ्लॅश पॉइंट ११ अंश आहे. वितळायला हवा म्हणून तापवायचा आणि पेट घेऊ नये म्हणून सांभाळायचा, असा हा प्रकार.

दरवर्षी जूनमध्ये बीएस्सी झालेली नवी मुलं लॅबमध्ये यायची. जीसीला हात लावू देण्याआधी मी त्यांच्यापुढे चार टेस्ट ट्यूब ठेवायचे, नावं न घालता, चारही ब्युटेनॉल. त्यात ल्युकस रिएजंट घालायचं, म्हणजे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात झिंक क्लोराइड. टर्ट लगेच गढूळ होतो. सेकला काही मिनिटं लागतात. एन आणि आयसो तसेच स्वच्छ राहतात. मग आयोडोफॉर्म: पिवळा साका फक्त सेकला, त्याने सेकवर शिक्कामोर्तब. डायक्रोमेटचा नारिंगी रंग तिघं हिरवा करतात, टर्ट करत नाही. मुलं खूश व्हायची. मग मी विचारायचे, आता एन कुठला आणि आयसो कुठला? सगळी परीक्षानळ्यांकडे बघत बसायची. दोघंही प्रायमरी, रंगाच्या चाचण्यांना दोघांची उत्तरं एकच. एखादा विचार करून म्हणायचा, "मॅडम, उकळून बघू?" तो पोरगा पुढे टिकायचा, असा माझा अनुभव. ज्यांना "जीसी लावू" एवढंच सुचायचं तीही वाईट नव्हती, पण जीसी बंद पडली की त्यांचे हात बांधले जायचे.

हे चार ब्युटेनॉल वेगवेगळे आहेत ही गोष्ट जुन्या लोकांनी किती कष्टाने उलगडली, हे वाचलं की आपल्या कुरकुरीची लाज वाटते. १८५२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ व्युर्त्झ यांनी मद्य गाळताना मागे राहणाऱ्या फ्यूजेल तेलातून आयसो वेगळा काढला. रशियात काझानला बुटलेरोव्ह यांनी १८६० च्या दशकात टर्ट बनवून दाखवला. रेणूची रचना कागदावर मांडता येते आणि तीवरून नवा पदार्थ असेल असं आधी सांगता येतं, हे त्यांचं म्हणणं तेव्हा सगळ्यांना पटलेलं नव्हतं. टर्ट हा त्यांच्या बाजूचा साक्षीदार ठरला.

मला मात्र सर्वांत आवडते ती रसायनशास्त्रज्ञ वाइझमन यांची गोष्ट. हेच पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूसाठी अ‍ॅसिटोन हवा होता. मँचेस्टरला असताना त्यांनी मक्याच्या पिठावर वाढणारा एक जिवाणू हाताशी धरला. पण तो जिवाणू तीन भाग अ‍ॅसिटोनमागे सहा भाग ब्युटेनॉल आणि एक भाग इथेनॉल द्यायचा. म्हणजे हव्या असलेल्या मालाच्या दुप्पट नको असलेला. युद्ध संपल्यावर अमेरिकेत मोटारी भराभर बनायला लागल्या, जुने रंग वाळायला दिवसच्या दिवस लागायचे, आणि लवकर वाळणाऱ्या नायट्रोसेल्युलोज लॅकरला ब्युटिल अ‍ॅसिटेट हवं झालं. ज्या ब्युटेनॉलला कुणी विचारत नव्हतं, त्याच्यासाठीच ती किण्वनाची भांडी चालू राहिली आणि अ‍ॅसिटोन जोडउत्पादन ठरला. खरेदी विभागातल्या नव्या माणसाला ही गोष्ट मी आवर्जून सांगायचे. स्वस्त आणि महाग हे रेणूवर छापलेलं नसतं.

आता निवृत्तीनंतर अधूनमधून साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत जाणं होतं. तिथे कॉलमच्या मधल्या प्लेटांवरून फ्यूजेल तेल काढतात. मुख्यतः आयसो-अमाइल अल्कोहोल, त्यात थोडा आयसो-ब्युटेनॉल, जो यीस्टने व्हॅलीन या अमिनो आम्लापासून बनवलेला असतो. इतकी वर्षं हे तेल पिंपात भरून मिळेल त्या भावाला दिलं जायचं. आता आयसोकडे इंधन म्हणून बघायला लागले आहेत. लिटरमागे इथेनॉल सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा देतो, ब्युटेनॉल २९, पेट्रोल ३२. पाण्याशी ब्युटेनॉलची इथेनॉलइतकी सलगी नाही. आयसोतून पाणी काढून, रेणू जोडून आणि वर हायड्रोजन देऊन विमानाचं इंधनही करता येतं. अमेरिकेतल्या गेवो कंपनीने असं तंत्र विकसित केलं आणि पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने त्यांच्याबरोबर काम केलं. १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात असं देशी कच्च्या मालाचं इंधन अल्प प्रमाणात मिसळलेलं होतं. माझ्या उमेदवारीच्या काळात ज्याला "दुसरा ब्युटेनॉल" म्हणायचे, त्याच्यासाठी आता स्वतंत्र यीस्ट घडवली जातात. उद्या तो एनपेक्षा महाग झाला तर एनची भेसळ आयसोमध्ये सुरू होईल, याबद्दल मला शंका नाही.

म्हणून छोट्या कारखान्यांतल्या स्टोअरवाल्यांना आणि नव्याने क्यूसीत आलेल्या मुलांना एक विनंती. ड्रमवरचं नाव वाचू नका, कॅस नंबर, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला स्वतंत्र क्रमांक वाचा. एन ७१-३६-३, आयसो ७८-८३-१, सेक ७८-९२-२, टर्ट ७५-६५-०. हे चार आकडे स्टोअरच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि ड्रमवर नुसतंच "ब्युटेनॉल" लिहिलेलं असेल, तर पुरवठादार कितीही जुना असो, सॅम्पल तपासल्याशिवाय तो ड्रम आत घेऊ नका.